मार्चपासूनचा वास

टाकीला भोक पडलं होतं ते केवढं,
तर टाचणीच्या टोकाएवढं.
तेही खालून, आतून,
जिथे नऊशे लिटरच्या पोटात
वर्षानुवर्षं वाटीभर पाणी बसून राहिलं होतं
आणि लोखंड खात होतं, बिनबोभाट.

नोव्हा स्कोशियाच्या या किनाऱ्यावर
मे संपत आला तरी रात्री बॉयलर पेटतो.
युलाली कोमोबाईंच्या तळघरात
आम्ही उतरलो तेव्हा
जमिनीवर तेल फारसं दिसलंच नाही.
तेल थांबत नाही दिसायला.
भेगेतून काँक्रीटखाली,
काँक्रीटखालून वाळूत,
वाळूतून उतार नेईल तिकडे.
थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात.
साचतं, पण शेजाऱ्याच्या विहिरीत.

डर्मॉटने मीटरची नळी कोपऱ्यात धरली.
मी नाकावर भरवसा ठेवत नाही.
नाक दहा मिनिटांत सरावतं
आणि अकराव्या मिनिटाला शपथेवर सांगतं
की इथे काही नाही.

तीन दिवस काँक्रीट फोडलं.
चौथ्या दिवशी परसातली माती:
आधी पायरी, मग कपडे वाळत घालायचा खांब,
मग रुबार्बचा वाफा.
मुळं चांगली जाड होती, निरोगी,
हातात घेतली तर बोटांना तांबडा ओशट रंग.
बाई खिडकीतून बघत होत्या.
ओढ्यात आडवे टाकले पांढरे लोड,
तेल पिणारे, पाणी न पिणारे.
त्यांच्या अलीकडे पाण्यावर
मोराच्या मानेचे रंग.
सुंदर दिसतं, काय करणार.

विमा कंपनीचा माणूस आला
बुटांवर प्लास्टिक चढवून.
वास पहिल्यांदा कधी आला?
बाई म्हणाल्या, मार्चमध्ये.
त्याचं पेन थांबलं.
मग कळवलं का नाही?
बाईंनी टेबलावरचं कापड सारखं केलं,
होतं सारखंच, तरी केलं.
त्याने लिहिलं: कारण दिलेलं नाही.

कारण दिलं, मला, दुपारी,
कॉफीचा थर्मास पायरीवर ठेवता ठेवता.
पायरी कुठली, आम्ही टाकलेली फळी.
अदेलार एकतीस वर्षं तेलाचा टँकर चालवायचा.
या रस्त्यावरची एकूण एक टाकी त्याच्या हातची.
कितीही अंघोळ केली
तरी कानामागे उरायचाच.
“ऑक्टोबरात गेला.
मार्चमध्ये एका रात्री जिना उतरले,
तर खाली…”
मग म्हणाल्या, साखर दोन चमचे घातलीय,
तुम्हाला चालते ना?

चालते म्हणालो. खणत राहिलो.
सव्वातीन मीटरवर निळसर चिकणमाती लागली,
जिच्यात काही मुरत नाही.
नमुने गेले, आकडे आले, मर्यादेच्या आत.
रोबिशोंची विहीर वाचली, थोडक्यात.
बाईंचा दावा निम्म्यावर आला
त्या एका न दिलेल्या कारणापायी.
खड्ड्यात ट्रकने नवी माती आणून टाकली,
बिनवासाची, कुठल्याच गावाची नसलेली.
तळघरात पंखे आठ दिवस, रात्रंदिवस.

शेवटी कागद पुढे केला: काम पूर्ण, इथे सही.
बाई म्हणाल्या, थांबा,
आणि खाली गेल्या, एकट्याच.
बराच वेळ.
वर डर्मॉट आणि मी
आपापल्या हातमोज्यांकडे बघत उभे.
आल्या. सही केली.
“काहीच येत नाही आता,” म्हणाल्या.
“चोख केलंत काम.”

ऱ्होडाचा नियम आहे:
कामाचे कपडे बाहेर, पडवीतल्या खुंटीला,
उंबऱ्याच्या आत एक मोजासुद्धा नाही.
वीस वर्षं पाळतोय.
त्या संध्याकाळी एक बाही काढली
आणि दुसरी
काढायची राहून गेली थोडा वेळ.

आतून आवाज आला, आलास वाटतं.

मी दार उघडलंही नव्हतं.